इ-सायकलची बॅटरी तीन काड्या दाखवते, तरी चढावर बंद पडते. सेल बॅलन्स करून उपयोग होईल का?

सेल बॅलन्स करणं म्हणजे मागे पडलेले सेल बाकीच्यांइतके भरून घेणं. त्याचा उपयोग होईलही आणि नाहीही. कुठलं ते ठरवायला एक मल्टिमीटर आणि आठ-दहा दिवसांचा धीर पुरतो, त्यामुळे तोवर नवीन पॅकचे पैसे देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की ३६ व्होल्टचा पॅक तीन वर्षं जुना आहे. स्वारगेटहून कात्रजकडे परतताना भारती विद्यापीठाच्या अलीकडे चढावर सायकल गपकन बंद पडते, पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते. चार्जर तासाभरात हिरवा होतो आणि दुकानदार म्हणतो, 'पॅक गेला, नवा घ्या.' माझ्या बायकोच्या सायकलचं वारज्याहून चांदणी चौक चढताना हेच झालं होतं. दुकानदारही तेच म्हणाला होता. शेवटी तो बरोबर निघाला, पण त्याने पॅक उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

आधी एक गोष्ट बघा: सायकल बंद पडते तेव्हा डिस्प्लेही जातो का? डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर थांबत असेल, तर बॅटरीच्या आधी ब्रेकच्या कटऑफ सेन्सरवर संशय घ्या. पावसाळ्यानंतर तो अडकून बसतो आणि कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. डिस्प्लेसकट सगळं गेलं, तर बहुतेक बीएमएसने, म्हणजे पॅकमधल्या राखणदार सर्किटने, वीज तोडली आहे. पॅक फ्रेममध्ये जिथे बसतो त्या पट्ट्याही पुसून घ्या, त्या हिरव्या-काळ्या पडतात. आणि चार्जर पॅकला न लावता त्याच्या टोकाशी ४२ व्होल्टच्या आसपास येतात का ते मोजा. चार्जरवर ४३.८ लिहिलं असेल तर मात्र थांबा. तो लोह-फॉस्फेटचा पॅक असू शकतो, आणि खालचे ४.२ चे आकडे त्याला लावले तर घात होईल.

आता काड्या असताना बंद का पडते ते सांगतो. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये सेलचे दहा गट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. प्रत्येक गट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणून एकूण ४२. काड्या एकूण बेरजेवर दिसतात, बीएमएस मात्र प्रत्येक गटाकडे वेगळं बघतं. नऊ गट भरलेले आणि एक मागे पडलेला असेल तर चढावर जोर लागताच तो एकटा तळाला जातो आणि बीएमएस सगळंच तोडतं. पाच मिनिटं विसावला की त्याचा व्होल्टेज वर येतो, सायकल चालू होते. चार्ज करताना उलटं होतं: नऊ गट आधी काठोकाठ भरतात, एक जरी ४.२५ च्या आसपास गेला की बीएमएस चार्जिंग थांबवतं आणि चार्जर हिरवा दिसतो. मागचा गट उपाशीच राहतो.

पॅक उघडलात की वॉरंटी संपली हे गृहीत धरा. तीन वर्षांच्या पॅकची बहुधा संपलेलीच असेल. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीला टेप गुंडाळा. ४२ व्होल्टचा शॉक फारसा बसत नाही, पण शॉर्ट झालं तर पान्हा सेल जोडणाऱ्या निकेल पट्टीला चिकटून बसेल. बाल्कनीत किंवा अंगणात बसा, आणि चार्जिंग चालू ठेवून झोपायला जाऊ नका.

बीएमएसला जाणारा बारीक वायरींचा पांढरा कनेक्टर दिसेल, त्यात अकरा वायरी असतील. शेजारशेजारच्या दोन-दोन वायरींमध्ये मोजा, दहा आकडे मिळतील. मोजायची वेळ म्हणजे चार्जर हिरवा झाल्यानंतर तासाभराने. अर्धवट भरलेल्या पॅकवर मोजू नका, कारण ३.६-३.७ च्या पट्ट्यात व्होल्टेज फार हळू बदलतो आणि सगळे गट सारखेच साधू दिसतात. आमचे नऊ गट ४.१७ ते ४.१९ च्या दरम्यान होते, सातवा ३.६२ वर. नुसती बेरीज पाहिली असती तर ४१ च्या वर, म्हणजे जवळजवळ फुल.

बीएमएस स्वतः बॅलन्स करत नाही का? करतं, पण बारीक रेझिस्टरमधून, बहुतेक वेळा ५० मिलीअँपिअरच्या आसपास, आणि तेही शेवटच्या टप्प्यात. १० अँपिअर-तासांच्या पॅकमधला एक गट २० टक्के मागे असेल तर २ अँपिअर-तासांचा फरक भरायला त्या वेगाने ४० तास लागतील. त्याआधीच चार्जिंग तुटतं. 'रात्रभर चार्जरला लावून ठेवा' हा सल्ला थोड्या फरकाला चालतो, एवढ्याला नाही.

म्हणून मागे पडलेल्या गटाला वेगळं भरायचं. तपकीर गल्लीत एका सेलचं चार्जिंग मॉड्यूल मिळतं, टीपी४०५६ म्हणून मागा. ते १ अँपिअरने भरतं आणि ४.२ ला आपोआप थांबतं. त्याचं प्लस-मायनस त्या एका गटाच्या दोन टोकांना लावा, वीज मोबाइलच्या चार्जरवरून द्या. इथे मी जो शहाणपणा केला तो करू नका. दोन गट एकदम भरू म्हणून एकाच मोबाइल चार्जरवर दोन मॉड्यूल लावली. दोन्हींचं मायनस आतून एकच, गट मात्र वेगवेगळ्या पातळीवर, त्यामुळे मधले गट मॉड्यूलमधूनच शॉर्ट झाले. ठिणगी, धूर, आणि स्वयंपाकघरातून 'काय जाळताय?' असा प्रश्न. एका वेळी एकच गट. आणि कुठला गट २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून असेल तर त्याला भरूच नका. आतलं तांबं विरघळलेलं असतं, भरताना सेल आतून शॉर्ट होऊ शकतो.

सातवा गट ४.१८ ला आला, सायकल चांदणी चौक एका दमात चढली, मी शेजाऱ्यांना भाषण दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मागे का पडला हे मी शोधलंच नव्हतं. म्हणून भरून झाल्यावर पॅक आठवडाभर तसाच ठेवा, चालवू नका. सगळे गट सारखे उतरले तर नुसता बॅलन्स बिघडला होता, तुमचं काम झालं. काही बीएमएस स्वतःची वीज एकाच गटातून घेतात. पॅक महिनोन् महिने पडून राहिला की तो गट खाली जातो, यात सेलचा दोष नसतो. पण एकच गट इतरांपेक्षा ठळक उतरला तर त्यात एखादा सेल आतून गळतोय, म्हणजे न वापरताही चार्ज गमावतोय. आमचे नऊ ४.१६ वर राहिले, सातवा आठ दिवसांत ४.०५. गळक्या माठात कितीही पाणी ओता.

गळत नसेल तरी गट थकलेला असू शकतो. त्यासाठी नाना पेठेतून १२ व्होल्ट २१ वॅटचे इंडिकेटरचे तीन बल्ब आणा, सिरीजमध्ये जोडा आणि फरशीवर ठेवून भरलेल्या पॅकला लावा, म्हणजे पॅक हळूहळू उतरेल. बल्ब चांगलेच तापतात. दर अर्ध्या तासाने दहाही गट मोजा. कुठलाही गट ३ व्होल्टला आला की थांबा. सगळ्यांइतकाच भरलेला एखादा गट बाकीचे ३.५ वर असतानाच ३ ला पोहोचला, तर त्याची साठवण संपली आहे, बॅलन्स करून ती परत येत नाही.

अशा वेळी एकच गट बदलून देणारे भेटतील. माझं मत, नको. तीन वर्षं पुणेरी उन्हाळा खाल्लेल्या नऊ गटांत एक कोरा गट म्हणजे सहा महिन्यांनी आठव्या गटासाठी पुन्हा तीच फेरी. आम्ही सगळेच सेल बदलून घेतले, डबा आणि चार्जर जुनाच. काहीही झालं तरी बीएमएस 'बायपास' करून देतो म्हणणाऱ्याकडे पॅक सोडू नका. जुने सेल घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

दहा आकडे मिळाले की इथे लिहा. सोबत ते चार्जर काढल्यावर किती वेळाने मोजले आणि बंद पडताना डिस्प्ले जातो का, एवढं कळवा.