वाचकांचे प्रश्न : एम.एस.डब्ल्यू. करायचं, पण पुढं काय?

प्रश्न : अक्कलकोटला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) नसताना एम.एस.डब्ल्यू.ला (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळतो का? सोलापुरातच करावं की बाहेर जावं?

मिळतो. कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.एस.डब्ल्यू. झालेल्यांना पहिलं सत्र जरा सोपं जातं, एवढाच फरक. अभ्यासक्रम २ वर्षांचा, ४ सत्रांचा. सोलापुरात वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात समाजकार्याचा विभाग आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं आवार सोलापूरहून साधारण ४५ किलोमीटरवर आहे. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला भरले जातात, म्हणजे तुमची शेवटच्या सत्राची परीक्षा व्हायच्या कितीतरी आधी. निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांचं वर्ष वाया जातं.

सोलापूर की बाहेर, यापेक्षा क्षेत्रकार्य कसं होतं याची चौकशी आधी करा. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुम्ही वस्तीत किंवा संस्थेत असता, आणि खरं शिक्षण तिथंच होतं. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? ते दर आठवड्याला प्रत्येकाशी स्वतंत्र बसून बोलतात का? सत्र बदललं की कामाची जागा बदलते का? हे सरांना विचारू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना विचारा. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना रजिस्टर भरायला आणि कार्यक्रमात सतरंज्या घालायला बसवतात. अशी दोन वर्षं काढलेला उमेदवार मुलाखतीत ‘तुम्ही हाताळलेली एक केस सांगा’ म्हटलं की गप्प होतो.

प्रश्न : आम्ही बार्शीचे. मुलीला समाजकार्यात जायचं आहे. नातेवाईक म्हणतात, समाजसेवेत पोट कसं भरणार? कायमची नोकरी मिळते का?

तुमची काळजी रास्त आहे, पण समाजसेवा आणि समाजकार्य यांत फरक आहे. समाजसेवा कोणीही मनापासून करू शकतो. समाजकार्य हा शिकून, पगार घेऊन करायचा व्यवसाय आहे.

कायम पदं आहेत, पण थोडी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद असतं. सोलापूरच्या सिव्हिलसारख्या रुग्णालयात सोबत कोणी नसलेला रुग्ण येतो, ऑपरेशनच्या खर्चाला घरचे घाबरतात, बाळंतिणीला घरी न्यायला कोणी येत नाही. तिथं योजनेची कागदपत्रं जमवण्यापासून नातेवाइकांना समजावण्यापर्यंतचं काम यांचं. जागा क्वचित निघतात आणि स्पर्धा मोठी असते.

त्याहून जास्त जागा कंत्राटी आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी पोलिसांच्या आवारातच विशेष कक्ष असतात. त्यांची सुरुवात १९८४ साली मुंबईत टाटा संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून केली. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्च बघणाऱ्या विभागात पगार बरा असतो. मात्र सोलापूरचे यंत्रमाग कारखाने बहुतेक लहान, घरचे. म्हणून त्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईची तयारी ठेवावी लागते.

खासगी संस्थेत लागताना नेमणूकपत्र लेखी घ्या. त्यात पद, मुदत, पगार आणि प्रवासखर्च स्पष्ट हवा. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. ‘मानधन’ या शब्दाखाली तो टाळला जात नाही ना, ते बघा. पगार रखडतात याचं नेहमीचं कारण असं : अनुदान हप्त्यांनी येतं आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पगार किती महिने उशिरा झाले, हे तिथं काम करणाऱ्यांना आधी विचारावं. मुलीला पहिली दोन-तीन वर्षं कंत्राटी काम मिळालं, तरी शिकवणारा वरिष्ठ चांगला असेल तर घेऊ द्या.

प्रश्न : मी एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला आहे. सोलापुरातल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गृहभेटी करते. बायका मोकळ्या बोलत नाहीत आणि माझा अहवाल दर वेळी लाल होऊन परत येतो. काय चुकतंय?

आधी बायकांचं. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, म्हणून तुमच्यासाठी हात थांबला की तिचा पैसा बुडतो. तिच्या मांडीवर सूप असतं, त्यात तंबाखू, कात्रीनं कापलेली पानं आणि दोऱ्याचं रीळ. ‘जरा थांबता का’ म्हणू नका. जमिनीवर, तिच्या बाजूला बसा. हात चालू राहिले तर तोंडही चालू राहतं. कारखान्यात माल द्यायच्या वेळेला जाऊच नका. ‘अक्का’ म्हणून हाक मारा, ती तेलुगू घरात चालते आणि कन्नड घरातही. रोजच्या वापरातली तीस-चाळीस तेलुगू वाक्यं शिका. दुभाषी म्हणून घरातलं पोर कधीही घेऊ नका : दहा वर्षांच्या मुलीनं आईला ‘बाबा मारतात का?’ असं कसं विचारावं? शेजारीणही नको, संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. तेलुगू येणारी वर्गमैत्रीण न्या.

आणि पहिल्याच भेटीत फॉर्म काढू नका. फॉर्म दिसला की तुम्ही ‘योजनावाल्या बाई’ होता. मग उत्पन्न कमी सांगितलं जातं, घरातली माणसं जास्त. त्यात त्यांचा दोष नाही. कागद घेऊन येणाऱ्यांनीच ती सवय लावली आहे. काही मिळवून देण्याचा शब्द तर मुळीच देऊ नका.

आता अहवाल. ‘कुटुंबाची परिस्थिती हलाखीची आहे, वडील व्यसनी आहेत’ असं तुम्ही लिहिलं असेल, तर शिक्षकांचा लाल पेन बरोबर आहे. यातलं तुम्ही पाहिलं काय आणि ऐकलं काय? असं लिहा : ‘एक खोली, सहा माणसं. दुपारी १२ वाजता मोठी मुलगी, वय १२, घरी होती आणि विड्यांना दोरा बांधत होती. आईनं सांगितलं, वडील रोज पितात. वडील भेटले नाहीत.’ पाहिलेलं, कोणी सांगितलेलं आणि तुमचा निष्कर्ष, हे तीन परिच्छेद वेगळे ठेवा. भेटीची तारीख, वेळ, हजर कोण, हे वर. शेवटी पुढच्या भेटीत काय विचारायचं ते. लिहायचं त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी दोन घरं एकमेकांत मिसळतात. वर्गात दाखवायच्या प्रतीत नावं बदला.

हा हट्ट कशासाठी? उद्या बाल कल्याण समितीपुढं एखादं मूल आलं, तर कायद्यानं सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करावी लागते. ते मूल घरी जाईल की संस्थेत, हे ठरवताना समितीच्या हातात तुमचाच कागद असतो. ‘हलाखीची परिस्थिती’ या दोन शब्दांवर गरीब आईचं मूल तिच्यापासून तुटू शकतं.

प्रश्न : आम्ही पाच मित्र एम.एस.डब्ल्यू. होताच स्वतःची संस्था काढणार आहोत. सुरुवात कशी करावी?

दोन वर्षं थांबा आणि तोवर दुसऱ्याच्या संस्थेत नोकरी करा, शक्यतो हिशेबाच्या टेबलाशेजारी. संस्था नोंदवणं अवघड नाही, ती कागदोपत्री जिवंत ठेवणं अवघड. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला किमान ७ सभासद लागतात आणि महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. दरवर्षी लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तो राहून जातो, मैत्री तुटते आणि मग खरे विश्वस्त कोण यावरच भांडण लागतं. तेवढ्यात बँक खातं अडकतं. देणगीदारांना करसवलत द्यायची तर ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकर खात्याची मान्यता हवी. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणीही करावी लागते.

तुम्ही पाच आहात, अजून दोघं हवेत. त्यातला एक तरी वाणिज्य शाखेचा, रोजची रोजकीर्द लिहिणारा शोधा.