विहिरीतून चितळ काढल्यावर
उमरेडकडे वनरक्षक म्हणून रुजू होतोयस, तर हे नीट ऐक. विहिरीतून चितळ वर काढलं की काम संपत नाही. हरीण धास्तीनेच मरतं. धडपडीत स्नायू निकामी होतात, कधी दोन दिवसांनीही जीव जातो. माझ्या हातात एक पाडस असंच गेलं, अजून विसरलो नाही. आधी गर्दी हटव, मोबाईलवाले सगळ्यात पहिले. डोळ्यांवर दुपट्टा बांध, नाक मोकळं ठेव. कुशीवर पाडू नकोस, पोट फुगतं. छातीवर बसतं ठेव, मान वर. अंग तापलं तर पाणी टाक. बोलणं बंद. जखम दिसली की नागपुरात सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे लगेच कळव. आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा खाल्लाय म्हणून शेतकरी चिडला, तर वाद नको. आधी त्याच्या बांधावर जा, पंचनामा कर.