वाचकांचे प्रश्न : छापून न झालेल्या खेळासाठी पैसे भरावेत का?

प्रश्न : मला बोर्डगेम खेळण्याचा आणि जमवण्याचा छंद आहे. किकस्टार्टरवर (खेळ तयार होण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर) पैसे भरलेला एक खेळ ठरलेल्या तारखेला वर्ष उलटले तरी आलेला नाही. आता आणखी एका मोठ्या खेळाची मोहीम सुरू आहे आणि मिनिएचर्ससह (खेळातल्या छोट्या मूर्तींसह) त्याची रक्कम पंधरा हजारांच्या घरात जाते. आधीचा खेळ हातात पडल्याशिवाय नवे पैसे भरू नयेत, असे पत्नीचे म्हणणे आहे. काय करावे, आणि अडकलेले पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : उशीर झाला म्हणजे पैसे बुडाले असे समजू नका. ‘फ्रॉस्टहेवन’ या खेळासाठी २०२० मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जमले, मार्च २०२१ ही तारीख सांगितली गेली आणि पेट्या लोकांच्या घरी पोहोचू लागल्या त्या २०२२ च्या अखेरीस. यातले बहुतेक खेळ चीनमध्ये तयार होतात, आणि २०२१ मध्ये कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी वाढले तेव्हा पोस्टेजचे पैसे आधीच घेऊन बसलेले निर्माते फार अडचणीत आले. म्हणूनच अनेक जण आता पोस्टेज नंतर, पेटीचे वजन ठरल्यावर आकारतात.

परताव्याचे मात्र कठीण आहे. मोहीम चालू असेपर्यंत प्लेज, म्हणजे आपण कबूल केलेली रक्कम, सहसा रद्द करता येते आणि उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर कार्डावरून पैसे कापलेच जात नाहीत. पण एकदा पैसे निर्मात्याकडे गेले की व्यवहार त्याचा आणि आपला असतो, किकस्टार्टर स्वतः परतावा देत नाही. ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या खेळासाठी २०१२ मध्ये ३५ हजार डॉलर मागितले असता १ लाख २२ हजारांहून अधिक जमले, पुढच्या वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला आणि २०१५ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. तरीही निर्मात्याची ऐपत नसल्यामुळे वसुली स्थगित राहिली. खेळ अखेर दुसऱ्या प्रकाशकाने छापून पाठवला, हे त्या लोकांचे नशीब. तेव्हा आपल्या निर्मात्याचे अपडेट नियमित येत असतील तर धीर धरा. येत नसतील तर लेखी विचारणा करा, पण त्या रकमेवर घरातला कोणताही बेत आखू नका.

नव्या खेळाबाबत माझे मत स्पष्ट आहे. चित्रे आणि स्ट्रेच गोल (जास्त पैसे जमल्यास देऊ केलेल्या वाढीव वस्तू) बाजूला ठेवून नियमपुस्तिका वाचा. ती मोहिमेच्या पानावर नसेल तर पंधरा हजार गुंतवण्याचे कारण मला दिसत नाही. प्रिंट-अँड-प्ले, म्हणजे स्वतः छापून खेळण्याची, फाइल दिली असेल तर बर्डीवरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणा, पत्ते कापा आणि एका रविवारी पत्नीसह खेळून पाहा. मिनिएचर्सशिवाय जो खेळ पुन्हा मांडावासा वाटतो, तोच घेण्यासारखा असतो. या निर्मात्याचे आधीचे खेळ लोकांपर्यंत पोहोचले का, हेही पाहा.

हिशेब करताना पोस्टेज, बँकेचे परकीय चलन शुल्क, सीमाशुल्क आणि जीएसटी धरा. मोठी पेटी असेल तर प्लेजची रक्कम ही नुसती सुरुवात असते. कुरियर कंपनी केवायसीची कागदपत्रे मागते, ती वेळेत दिली नाहीत तर पार्सल अडकते. गावातल्या दोघा-तिघांनी मिळून ग्रुप प्लेज घेतल्यास पोस्टेज विभागले जाते, आणि मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वर्षाची एक रक्कम पत्नीशी बोलून ठरवा आणि ती सगळी बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात पत्ते वाकतात आणि प्लॅस्टिकच्या मिनिएचर्सच्या तलवारी लवतात. उपाय काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पत्ते वाकण्यामागे बहुधा कूलर असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर कोरडी हवा आणि कूलरच्या खोलीत दमटपणा, यामुळे पुठ्ठ्याची एक बाजू फुगते. पेट्या कूलर नसलेल्या खोलीत, गच्चीला लागून असलेली भिंत टाळून ठेवा, पत्त्यांना स्लीव्ह (प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटे) घाला आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. लवलेली तलवार गरम पाण्यात काही क्षण धरून बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. मऊ पीव्हीसी त्याच आकारात घट्ट होते. रेझिनच्या मूर्ती ठिसूळ असतात, त्यांना न तापवता कधीही वाकवू नका.