फेन्सिंग (तलवारबाजी) खेळताना पुरुषांनी सेंटर गार्ड (जांघेत घालायचं संरक्षक कवच) घालावं का?

नियमात सक्ती नाहीये. बायकांना चेस्ट गार्ड कंपल्सरी आहे, पुरुषांच्या सेंटर गार्डचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. पण एपी, फॉइल, सेबर या तीन प्रकारच्या तलवारींपैकी कुठलं वेपन खेळतोस त्यावर ठरव. एपीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टच चालतो आणि फॉइलमध्येही टार्गेट थेट जांघेपर्यंत येतं, म्हणजे तिथे लागणारच कधीतरी, समोरचा मुद्दाम मारत नसला तरी. सेबरमध्ये कमरेच्या वरच टार्गेट, तरी चुकून फटका बसतोच 😅 जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा असतो ना, तो फक्त जॅकेट वर सरकू देत नाही, मार नाही अडवत. क्रिकेटचं गार्ड असेल घरात तर तेच घाल, फक्त आधी घरी दोनचार लंज (पुढचा पाय लांब टाकून हल्ला करतात ती पोझ) मारून बघ, मांडीला टोचत असेल तर लहान साइज घे. मी तरी घालतोच.