बॅज उजवीकडे की डावीकडे? आधी कोणाच्या उजवीकडे ते ठरवा

तुम्ही विचारलंय की भारत स्काउटस आणि गाईडसचा स्काउट मास्टरचा बेसिक कोर्स नुकताच झालाय, शाळेत आधीपासून दोन स्काउट मास्टर आहेत, दोघांच्या शर्टावर बॅज वेगवेगळ्या जागी आहेत, तर बरोबर कोण?

दोघंही चुकलेले असू शकतात. असे जोडीने चुकणारे मी पुष्कळ पाहिलेत.

हिरवा सदस्यत्व बॅज, म्हणजे पिवळं फूल, त्यात त्रिदल आणि मध्ये अशोकचक्र असलेला, डाव्या खिशाच्या मधोमध. जांभळा जागतिक बॅज उजव्या खिशाच्या मधोमध. खिशाच्या म्हणजे खिशाच्याच. झाकणावर नाही, खिशाच्या वरच्या मोकळ्या जागेतही नाही. एवढंच आहे. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि तरीही २००७ साली ३२ मुलांसमोर माझी शोभा झाली. का, ते सांगतो.

ते स्काउटिंगच्या शंभरीचं वर्ष. बेडन-पॉवेलनी ब्राउनसी बेटावर १९०७ साली पहिलं शिबिर घेतलं, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून सगळीकडे उत्साह होता. आमच्या पंचवटीतल्या शाळेचं पथक गंगापूर धरणाच्या बाजूला शिबिराला जायचं होतं. मी नवा राखाडी शर्ट शिवला, बॅज आणले आणि आदल्या संध्याकाळी मेन रोडच्या एका बोळातल्या शिंप्याकडे गेलो. सांगितलं, "हिरवा डावीकडे, जांभळा उजवीकडे." त्याने शर्ट टेबलावर पसरला, छाती वर करून. आता शर्ट असा समोर पसरला की त्याची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. शिंप्याने स्वतःच्या हाताप्रमाणे डावं-उजवं धरलं. त्याचं काय चुकलं? मी रात्री साडेनऊला घाईत शर्ट घेतला, पिशवीत कोंबला, सकाळी साडेपाचला अंधारात अंगात चढवला आणि मुलांची हजेरी घेत बसमध्ये बसलो.

ध्वजवंदनाआधी तपासणी. मुलं घोड्याच्या नालेच्या आकारात उभी. तपासायला आलेले गृहस्थ वरिष्ठ होते, गळ्यात तीन मणी, म्हणजे असिस्टंट लीडर ट्रेनर, स्काउट मास्टरांना शिकवणारे. माझ्यासमोर थांबले. आधी माझ्या छातीकडे बघितलं, मग मुलांकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "सर, तुम्हालाच डावं-उजवं कळत नाही, मुलांना काय शिकवणार?"

मी मान खाली घातली आणि बघतो तर खरंच, हिरवा उजवीकडे. पुढे म्हणाले, "शिट्टी कुठंय?" शिट्टी हातात होती. "खिशात ठेवा." ठेवायला गेलो तर खिसा उघडेना. शिंप्याने बॅज मशीनवर घातला होता, खिशाच्या आरपार, शर्टाच्या कापडासकट. दोन्ही खिसे कायमचे बंद! मी दोन बोटं आत घालायचा प्रयत्न करतोय आणि मागच्या रांगेत एक कार्टं फिसकन हसलं. एक हसलं की ३२ हसतात.

दुपारी तंबूत बसून ब्लेडने टाके उसवले. नव्या कापडावर सुईची भोकं राहिली ती राहिलीच. तेव्हा आमचा एक संघनायक, सातवीतला, पाण्याची बाटली घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "सर, त्या मोठ्या सरांच्या बॅजची गाठ साडेसातला आहे."

आधी कळलंच नाही. मग चहाच्या वेळी नीट पाहिलं. जागतिक बॅजवर फुलाभोवती दोरी असते आणि तिची गाठ, रीफ नॉट, बरोबर खाली यावी लागते, घड्याळात सहा वाजतात तिथे. साहेबांचा बॅज फिरलेला होता, फूल एका कुशीवर कललेलं आणि गाठ खरोखर साडेसातला! ज्या पोराला मी तीन महिने गाठी शिकवत होतो त्याने गाठ बरोबर हेरली. मी त्याला म्हणालो, "गप्प बस." स्वतःही गप्प बसलो.

बसायला नको होतं, असं पुढची आठ वर्षं हिने मला ऐकवलं. माझं म्हणणं वेगळं. त्याच बॅजवर दोन तारे असतात, त्यांची दहा टोकं म्हणजे स्काउटचे दहा नियम. आपल्याकडे नियम नऊ आहेत. दहावा मी माझ्यापुरता करून ठेवलाय: स्काउटरला, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसाला, त्याच्या पथकासमोर झापू नये. चूक असेल तर बाजूला घ्या, खांद्यावर हात ठेवा, सांगा. संघनायकालासुद्धा आपण त्याच्या संघासमोर बोलत नाही, हे कोर्समध्ये घोकून घेतात आणि मैदानावर विसरतात. तुमच्या शाळेतल्या त्या दोघांपैकी जो चूक निघेल त्याला शिक्षक खोलीत सगळ्यांच्या देखत सांगायला जाऊ नका. तुम्ही कालचे आहात, तुमचं बरोबर असलं तरी ते तुम्हाला महागात पडेल.

बाकीच्या सजावटीबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो. मोठ्या माणसाच्या शर्टावर जितकं कमी तितकं बरं. लहानपणी मिळवलेली सोपानं, म्हणजे स्काउटच्या पायऱ्यांचे बॅज, कौशल्याचे बॅज, प्रत्येक शिबिराचा एक रंगीत गोल, हे सगळं बाहीपासून पोटापर्यंत लावून फिरणारे स्काउटर मला कोपऱ्यावरच्या नोटीस बोर्डासारखे दिसतात. शिबिराचा बॅज शिबिरापुरता, नंतर तो डब्यात. आणि सेफ्टी पिन तर नाहीच.

पुढे मी पचमढीला जाऊन हिमालय वुड बॅज, म्हणजे स्काउटरांचा वरचा कोर्स, केला. दोन मणी मिळाले. त्यासोबत मिळणाऱ्या गिलवेल स्कार्फच्या मागच्या टोकाला चौकड्याच्या कापडाचा तुकडा असतो, तो मॅक्लारेन घराण्याचा. त्या घरातल्या गृहस्थांनी गिलवेल पार्कसाठी, म्हणजे इंग्लंडमधल्या स्काउटांच्या प्रशिक्षण केंद्रासाठी, पैसे दिले म्हणून तो मान. हा तुकडा पाठीवर मणक्याच्या रेषेत यायला हवा. स्कार्फ घडी घालताना एक बाजू लांब राहिली की तो खांद्याकडे पळतो, आणि तुम्हाला दिसत नाही, मागच्या सगळ्यांना दिसतो. हे कोणीतरी मागून सांगावं लागतं.

सांगायचं राहिलं. २०१५ च्या सिंहस्थात, १३ सप्टेंबरच्या शाही स्नानाला, आमची मोठी मुलं रामकुंडाच्या वाटेवर पाणी द्यायला होती. तेच गृहस्थ भेटले. निवृत्त झालेले, घामाने थबथबलेले, पहाटेपासून उभे. डावा हात पुढे केला, मीही केला. नजर आपोआप खिशावर गेली. शर्ट नवा होता, गाठ साडेसातलाच! मी त्यांना गर्दीतून बाजूला घेतलं, एका दुकानाच्या पायरीजवळ, आणि आठ वर्षं तोंडात धरलेलं वाक्य अगदी हळू आवाजात बोललो. त्यांनी चष्मा वर करून हनुवटी छातीला टेकवली, बघितलं आणि म्हणाले, "अहो सर, एवढं कोण बघतंय?"

एक म्हातारी तेवढ्यात हरवलेल्या सुनेला शोधत आली आणि त्यांचा हात धरून बसली. तिने बॅज बघितला नव्हता, गळ्यातला स्कार्फ बघितला होता. ते तिला घेऊन हरवले-सापडलेच्या मांडवाकडे गेले. ते तासभर परत आले नाहीत, आणि मला त्यांच्यावर नीटसं रागावताही येईना.

असो. हे सगळं भारत स्काउटस आणि गाईडसच्या स्काउटरबद्दल आहे. मुलींचं पथक चालवणाऱ्या गाईड कॅप्टन बाईंचं जागतिक चिन्ह निराळं, निळ्यावर सोनेरी त्रिदल. त्यांनी आपला जांभळा उसना घेऊन लावू नये, आणि आपण त्यांना बॅज शिवायला देऊ नये. दोन्ही प्रकार पाहिलेत.

शर्ट आधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर कापड आटतं आणि बॅजभोवती चुण्या पडतात. शिंप्याकडे जाताना शर्ट अंगावर घालूनच जा, त्याच्याकडून खडूने खूण करून घ्या, मग उतरवा. किंवा घरीच हाताने शिवा, बॅजच्या कडेच्या रंगाचा दोरा घेऊन. मात्र आधी खिशात वहीचा पुठ्ठा सरकवा.