ग्लोव्ह जड, म्हणून हात मंद? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, वजन ५८ किलो. आठ महिन्यांपासून तालुक्याला जाऊन बॉक्सिंग शिकतो. बॅगवर १० औंसाच्या ग्लोव्ह्जनी हात मस्त चालतो. स्पारिंगला, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीला, १६ औंसाचे घातले की पंच उशिरा पोचतो आणि तिसऱ्या राउंडला हात वर राहतच नाहीत. सर म्हणतात, "सोळानं मारत राय बे, मंग दहा आपोआप पयते." मित्र म्हणतो, स्पारिंगच १२ नी कर. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : सरांचं निम्मं ऐका, मित्राचं अजिबात नको.

आधी वजनाचं बघू. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. १० औंसाचा एक ग्लोव्ह २८४ ग्रॅमचा, १६ औंसाचा ४५४. फरक १७० ग्रॅमचा, म्हणजे तुमच्याकडच्या एखाद्या मोठ्या संत्र्याएवढा. तुमच्या वजनाच्या मुलाचा खांद्यापासूनचा अख्खा हात तीन किलोच्या आत-बाहेर भरतो, त्यामुळे एक संत्रं जास्त झालं तर काय मोठं, असं वाटेल. पण मनगटापुढचा नुसता पंजा जेमतेम ३५० ग्रॅमचा असतो. १६ चा ग्लोव्ह त्याहून जड, आणि तो बसतो हाताच्या अगदी टोकाला. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, मग पात्याजवळ धरून फिरवा. वजन तेच, पण पहिल्या वेळी खांदा बोलतो.

ढोबळ हिशेब केला तर सरळ हात खांद्याभोवती फिरवण्याचा बोजा १० वरून १६ वर गेल्यावर साधारण १५ टक्के वाढतो. वेग मात्र तेवढा घटत नाही. ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, म्हणून तीच ताकद लावली तर वेगातली घट ७ टक्क्यांच्या आसपास बसते. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण सरळ पंचाला पाय आणि कंबरही ढकलत असतात. नुसत्या खांद्यावर मारणाऱ्याला जड ग्लोव्ह जास्त नडतो, तो यामुळेच.

हे मोबाइलवर मोजता येतं. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० च फ्रेम असतात, त्यात एवढा फरक दिसणारच नाही. फोन विटेला टेकवून कमरेच्या उंचीवर, बाजूनं लावा. बॅगसमोर उभं राहून १० जॅब (पुढच्या हाताचे सरळ पंच) १० औंसाच्या ग्लोव्ह्जनी मारा, दोन मिनिटं थांबा, मग १० जॅब १६ औंसाच्या ग्लोव्ह्जनी. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, नाहीतर थकवाच मोजला जाईल. मग एकेक फ्रेम सरकवत मूठ हलल्यापासून बॅगला टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. समजा १० औंसानं ६० फ्रेम लागल्या, म्हणजे पाव सेकंद; तर १६ नं ६३-६४ लागतील. तीन-चार फ्रेमचा फरक, सेकंदाचा साठावा भाग.

आता तोच व्हिडिओ थोडा मागे घ्या आणि जॅब निघण्याआधी मूठ मागे खेचली जाते का, खांदा उचलला जातो का, ते बघा. ही तयारी सहज १०-१२ फ्रेम खाते. समोरच्याला पंच दिसतो तो इथेच. "१६ नं पंच उशिरा पोचतो" या तक्रारीत ग्लोव्हचा वाटा किती आणि या खेचण्याचा किती, हे एकदा डोळ्यांनी पाहा. जड ग्लोव्ह घातल्यावर मूठ मागे नेऊन झोका घ्यायची सवय वाढते, म्हणजे ग्लोव्ह थोडा वेग खातो आणि बाकीचा आपणच खातो. दुसरा चोर म्हणजे आवळलेली मूठ. मूठ निघताना सैल असावी, टेकायच्या क्षणी आवळावी. सुरुवातीपासून आवळली की कोपरापासून खांद्यापर्यंत सगळं ताठ होतं.

ग्लोव्हच्या वजनाची खरी किंमत मोजावी लागते ती परतीत. पंच जाताना पायांचा धक्का असतो. थांबवून परत हनुवटीशी आणायचं काम खांदा आणि पाठ एकटे करतात. तीन मिनिटांच्या तीन राउंडमध्ये हे शेकडो वेळा होतं, आणि मधल्या वेळात हात वर धरून ठेवायचे ते वेगळेच. त्यामुळे तिसऱ्या राउंडला आधी पंच मंद होत नाही, आधी परतणारा हात छातीशी येऊन थांबतो, आणि मार तिथून बसतो. उपाय : कोपरं बरगड्यांना टेकवून ठेवा. कोपर बाहेर गेलं की ग्लोव्हचा सगळा भार खांद्याच्या एकाच स्नायूवर येतो. शॅडो करताना, म्हणजे हवेत पंच मारताना, प्रत्येक पंचानंतर अंगठा गालाला लागलाच पाहिजे, असा नियम करा.

सरांचं निम्मं बरोबर ते इथे. १६ नी खांद्याचा दम वाढतो आणि शेवटच्या राउंडला १० चे ग्लोव्ह जागेवर राहतात. पण वेग 'आपोआप' येत नाही. १६ काढून लगेच १० घातले की हात पळतोय असं वाटतं. जड घमेलं खाली ठेवल्यावर रिकामं घमेलं पिसासारखं वाटतं, तसंच. फ्रेम मोजल्या तर वेग बहुतेक तोच निघतो आणि ते वाटणंही काही मिनिटांत जातं. वेगासाठी वेगळं काम लागतं : हलके ग्लोव्ह, ताजं अंग. वॉर्मअपनंतर लगेच, थकायच्या आत, फोकस पॅडवर (समोरच्यानं हातात धरलेल्या गादीवर) १० सेकंद पूर्ण वेगात, मग ५० सेकंद विश्रांती, असं ६ ते ८ वेळा. हे सत्राच्या शेवटी ठेवलं तर मंद हाताचीच सवय पक्की होते.

आता मित्राचा १२ चा सल्ला. स्पारिंगचा जाड ग्लोव्ह आपल्यासाठी नसतोच, समोरच्याच्या नाकासाठी आणि आपल्या बोटांच्या हाडांसाठी असतो. १२ नी तुमचा हात पळेल, तसा त्याचाही पळेल. ५८ किलोला १४ चालतील, पण सरांनी होकार दिला आणि दोघांच्याही हातात १४ असले तरच. एकाला १६ आणि दुसऱ्याला १२, असं स्पारिंग करू नका.

स्पर्धेत साधारण ६४ किलोपर्यंतच्या पुरुषांना १० औंस आणि त्यावर १२ औंस मिळतात. म्हणून स्पर्धेआधीचे दोन आठवडे पॅडचं काम १० नी करा. वेगापेक्षा गार्डसाठी, म्हणजे चेहऱ्यापुढे हात धरून बचाव करण्यासाठी. १६ चा फुगीर ग्लोव्ह अर्धा चेहरा झाकतो, आणि त्याच्या भरवशावर हात ढिले ठेवायची सवय लागते. १० घातल्यावर दोन ग्लोव्हमधून जॅब सरळ आत येतो.

प्रश्न : आमच्या मंडळानं १२ औंसाच्या चार जोड्या घेतल्या. छापील आकडा एकच, पण एक जोडी हातात दगडासारखी लागते. पोरं त्यावरून भांडतात. खरं वजन कसं बघायचं?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : पहिली गोष्ट, छापलेले औंस एका ग्लोव्हचे असतात, जोडीचे नाहीत. १२ औंसाचा एक नग ३४० ग्रॅम भरायला हवा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. कापूस तोलायचा ताणकाटा इथे कामाचा नाही, त्याला ग्रॅम कळत नाहीत. प्रत्येक नग वेगळा तोला आणि मनगटाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला मार्करनं ग्रॅम लिहून ठेवा. १०-१५ ग्रॅम इकडेतिकडे झाले तर सोडून द्या. स्वस्त मालात ४०-५० ग्रॅमचा फरक निघाला तर नवल मानू नका. ती जोडी बॅगसाठी ठेवा. आकडा बरोबर असला तरी माल कुठे भरला आहे ते बघा. स्पर्धेच्या ग्लोव्हमध्ये एकूण वजनाच्या निम्मं तरी आतल्या गादीचं असावं लागतं. जाड रेक्झिन आणि लांब मनगटपट्टी यांनीच वजन भरलं असेल तर बोटांच्या गाठींवर गादी पातळच राहते.

दगडासारखी लागणारी जोडी बहुधा ओली आहे. सरावाआधी आणि सरावानंतर तोलून बघा. आतलं अस्तर आणि फोम घाम पितात आणि तो घाम रात्रीत वाळला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या घामाची त्यात भर पडते. पावसाळ्यात हमखास. सराव संपला की पट्टा पूर्ण उघडा, वर्तमानपत्राचे बोळे बोटांपर्यंत कोंबा, तासाभरानं बदला, मग तोंड खाली करून सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपरावर ठेवलेल्या ग्लोव्हचं रेक्झिन पापुद्र्यासारखं सुटतं आणि फोम कडक होतो. ट्रंकेत बंद करणं त्याहून वाईट, बुरशी येते.

गादी जिवंत आहे का ते अंगठ्यानं पाहता येतं. ग्लोव्हमध्ये मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गाठींवर दाबा. हाड हाताला लागलं, किंवा दाबलेला खड्डा लवकर भरून आला नाही, तर तो ग्लोव्ह स्पारिंगमधून कायमचा बाद. बॅगचे आणि स्पारिंगचे ग्लोव्ह वेगळे ठेवायला सांगतात ते याचसाठी. बॅगवर गादी लवकर मरते, वजन मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे काट्यावर ते कळत नाही.

प्रश्न : बहिणीचं वजन ४८ किलो. क्लबमध्ये १६ चेच ग्लोव्ह आहेत, मोठ्या पोरांचे. आत तिचा हात खेळतो. दोन बँडेज बांधून घट्ट केलं तर चालेल का?
— एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. ढिल्या ग्लोव्हमध्ये मूठ नीट वळत नाही, अंगठा भरकटतो आणि हुक (बाजूनं वळवून मारलेला पंच) टेकताना मनगट आत मुडपतं. दोन बँडेजनी गाठींवर गोळा होतो, बोटं आखडतात, मुंग्या येतात. एकच बँडेज बांधा, साडेचार मीटरचं : मनगटाला तीन-चार वेढे, गाठींवर तीन, बोटांच्या मधून एकेक, अंगठ्याला एक, उरलेलं परत मनगटाला. मूठ वळल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटलं पाहिजे.

तिच्यासाठी अरुंद हाताचा १४ चा ग्लोव्ह बघा. विकत घेताना बँडेज बांधूनच घालून पाहा. बोटांची टोकं आतल्या शिवणीला हलकी लागावीत. महिलांच्या स्पर्धेत सगळ्याच वजनगटांत १० औंस असतात. २०२१ साली युवा जागतिक विजेती ठरलेली नागपूरची अल्फिया पठाण ८१ किलोवरच्या गटात खेळली, तिथेही १०. म्हणजे १४ वरून १० वर येण्याची सवय तिलाही करावी लागेल. वर मोर्शीच्या वाचकाला सांगितलेली दोन आठवड्यांची पद्धत तिलाही लागू.

प्रश्न : हातात अर्धा-अर्धा किलोचे डंबेल घेऊन शॅडो केलं तर वेग वाढतो का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. डंबेल ओढतं जमिनीकडे, पंच जातो समोर. खांदा हात वर धरण्याचा व्यायाम करतो, मारण्याचा नाही. शिवाय पूर्ण लांबीवर झटका बसला की कोपर दुखावतं. मारण्याच्या दिशेनं जोर हवा असेल तर पाठीमागे खांबाला रबरी पट्टा बांधा आणि मूठ हळू नव्हे, झपाट्यानं पुढे न्या. ८-८ चे तीन सेट पुरे.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. स्पारिंगच्या दिवशी रात्री डोकं दुखतं म्हणतो. क्लबमध्ये १२ चे ग्लोव्ह आहेत. आम्ही १६ ची जोडी आणि हेडगार्ड घेऊन दिलं तर थांबेल का?
— एक पालक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : खरेदी नंतर, आधी स्पारिंग बंद. जाड गादीनं मार जास्त जागेवर पसरतो, त्यामुळे कापणं, नाक फुटणं, हाताचं हाड मोडणं कमी होतं. हेडगार्डचंही तेच. मेंदूला इजा होते ती डोकं झटक्यानं वळल्यामुळे, आणि १६ औंसाचा हुकही डोकं वळवतोच. उलट ग्लोव्ह जाड आहेत म्हणून पोरं जास्त जोरानं मारतात, आणि दुखत नाही म्हणून जास्त वेळ मार खातात.

या आठवड्यातच त्याला डॉक्टरांना दाखवा आणि कितव्या राउंडनंतर, किती दिवसांपासून दुखतं हे लिहून न्या. उलटी, बोलण्यात घोटाळा, झोपेतून नीट न उठणं, एका हाता-पायाची ताकद जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. जिथे सीटी स्कॅन होतो तिथे त्याच रात्री न्या. सेवाग्रामचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे.

उन्हाळ्यात पाण्याच्या कमतरतेनंही डोकं दुखतं, हे खरं. पण ते आहे असं घरी ठरवू नका. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर आधी आठवडाभर दोरी, शॅडो आणि बॅग, त्यात त्रास नसेल तर ठरवून हळू मारायचं स्पारिंग, फक्त छाती-पोटावर. डोक्यावरचं स्पारिंग सगळ्यात शेवटी, तेही आठवड्यातून एकदा, दोघांच्या हातात १६ आणि शेजारी थांबवणारा मोठा माणूस असेल तेव्हाच.