वाचकांचे प्रश्न : नायजेरियाचे तेल, नायरा आणि बँका

गेल्या अंकात तेल विकून जगणाऱ्या देशांवर लेख आला, तेव्हापासून पत्रांचा ओघ सुरू आहे. बहुतेक पत्रे नायजेरियाबद्दल आहेत. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘नायजेरियाची अर्थव्यवस्था तेलावर अवलंबून’ असे वाक्य असते. आकडे पाहिले तर जीडीपीत तेलाचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत दिसतो. खरे काय मानायचे? (विद्यार्थिनी, पुणे)

दोन्ही खरे. तेलाचा वाटा तीन ठिकाणी मोजावा लागतो. एकूण उत्पादनात तो लहान आहे. निर्यातीत तो अवाढव्य आहे : कच्चे तेल आणि वायू वगळले तर निर्यातीतून येणारे डॉलर थोडेच उरतात. तिसरी जागा सरकारी तिजोरीची. राजधानी अबुजात दर महिन्याला महसुलाची वाटणी होते. तेलाच्या उत्पन्नातला किमान १३ टक्के हिस्सा आधी तेल निघणाऱ्या राज्यांसाठी काढतात. उरलेल्यातून केंद्राला ५२.६८, राज्यांना २६.७२ आणि स्थानिक संस्थांना २०.६० टक्के मिळतात. स्वतःचे कर फारसे गोळा न करणारी राज्ये या मासिक हप्त्यावरच पगार भागवतात. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि २०१५ मध्ये अनेक राज्यांत पगार महिनोन्‌महिने थकले, ते याचमुळे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

जीडीपीच्या आकड्याबाबत आणखी एक खबरदारी घ्या. एप्रिल २०१४ मध्ये पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० केले आणि २०१३ चा जीडीपी ४२.४ लाख कोटी नायरांवरून (नायरा हे तिथले चलन) एकदम ८०.२ लाख कोटींवर गेला. ८९ टक्के वाढ, तीही कागदावर. मोबाइल सेवा आणि चित्रपट व्यवसाय जुन्या चौकटीत जवळजवळ नव्हतेच, ते आता मोजले गेले. तेव्हाच्या विनिमय दराने तो आकडा सुमारे ५१० अब्ज डॉलर होत होता आणि नायजेरियाने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकले होते. जुलै २०२५ मध्ये पाया पुन्हा बदलून २०१९ केला. २०२४ चा जीडीपी ३७२.८ लाख कोटी नायरा निघाला, म्हणजे सुमारे २४३ अब्ज डॉलर. नायरांत साडेचार पटींहून अधिक, डॉलरमध्ये निम्म्याहून कमी. परीक्षेत आकडा लिहाल तेव्हा चलन आणि पायाभूत वर्ष सोबत लिहा, नाहीतर तो निरुपयोगी ठरतो.

आणि ‘तेलाचा भाव गुणिले पिंपे’ असा हिशेब करून सरकारची कमाई काढू नका. भागीदार कंपन्यांचा हिस्सा, उत्पादनखर्च, आगाऊ घेतलेल्या कर्जापोटी द्यायचे तेल आणि चोरी, हे सगळे आधी वजा होते. २०२२ मध्ये भाव शंभर डॉलरांवर होता, पण त्याच वर्षी उत्पादन काही काळ दिवसाला दहा लाख पिंपांच्या खाली आले. शिवाय पेट्रोलच्या अनुदानाचा बोजा इतका वाढला की राष्ट्रीय तेल कंपनीने अनेक महिने सामाईक तिजोरीत काहीच भरले नाही.

प्रश्न : तेल काढणाऱ्या देशात पेट्रोलसाठी रांगा का? (वाचक, सोलापूर)

कारण कच्चे तेल गाडीत घालता येत नाही. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथल्या सरकारी शुद्धीकरण कारखान्यांची एकत्रित क्षमता कागदावर दिवसाला ४,४५,००० पिंपे. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षे जवळजवळ बंद होते. मग कच्चे तेल विकून पेट्रोल आयात करायचे आणि पंपावर तोट्यात विकायचे. म्हणून तेलाचा भाव चढला की उत्पन्नाबरोबर अनुदानाचाही खर्च चढे. २९ मे २०२३ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताच बोला टिनुबू यांनी अनुदान संपल्याचे जाहीर केले आणि लिटरमागे दोनशे नायरांच्या आत असलेले पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या आसपास गेले. लागोसजवळच्या लेक्कीतला उद्योगपती डांगोटे यांचा दिवसाला ६,५०,००० पिंपांचा खासगी कारखाना सप्टेंबर २०२४ पासून पेट्रोल देऊ लागला. आयातीचे डॉलर त्यामुळे वाचतात, पण भाव जागतिक बाजाराप्रमाणेच ठरतो.

प्रश्न : २०२३ मध्ये नायरा कोसळला, महागाई भडकली, तरी तिथल्या मोठ्या बँकांनी विक्रमी नफा दाखवला. हे कसे? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

ताळेबंद मांडूनच पाहू. समजा एका बँकेची डॉलरमधली येणी १२ कोटी आणि देणी १० कोटी आहेत. निव्वळ २ कोटी डॉलर. डॉलर ४६० नायरांना असताना त्यांची किंमत ९२० कोटी नायरा. १४ जून २०२३ रोजी मध्यवर्ती बँकेने वेगवेगळे अधिकृत दर मोडून एकच खिडकी ठेवली. पहिल्याच दिवशी डॉलर ४७१ वरून ६६४ वर गेला आणि वर्षअखेरीस ९०० च्या आसपास होता. ९०० दराने त्याच २ कोटींचे १,८०० कोटी नायरा होतात. एकही नवा ग्राहक न जोडता ८८० कोटींचा नफा. रोकड मात्र एक पैसाही आली नाही.

आता त्याच बँकेचा कर्जदार घ्या. त्याचे १ कोटी डॉलरचे कर्ज आहे आणि विक्री नायरांत होते. कर्ज ४६० कोटींचे ९०० कोटी झाले, विक्री होती तिथेच. हे कर्ज लगेच थकत नाही. मुदत वाढते, पुनर्रचना होते. नफा आज दिसतो, बुडीत कर्ज दोन वर्षांनी.

तिसरी गोष्ट भांडवल पर्याप्ततेची, म्हणजे जोखमीच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल पुरेसे आहे का याची, आणि तुम्हाला ती चटकन समजेल. भांडवल १५, जोखीमभारित (जोखमीनुसार वजन देऊन मोजलेली) मालमत्ता १०० आणि त्यातली ४० डॉलरमधली. दर दुप्पट झाला की मालमत्ता १४० होते. भांडवल तेवढेच राहिले तर प्रमाण १५ वरून १०.७ टक्क्यांवर घसरते. आंतरराष्ट्रीय परवान्याच्या बँकांना तिथे किमान १५ टक्के लागतात. म्हणजे तो कागदी नफा हीच ही घसरण थोपवणारी उशी होती. तो लाभांशात वाटला असता तर उशीच गेली असती. सप्टेंबर २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकेने फेरमूल्यांकनाचा, म्हणजे केवळ दर बदलल्याने दिसणारा, नफा लाभांशासाठी किंवा खर्चासाठी वापरायला बंदी घातली, ती अगदी योग्य होती. पुढच्या वर्षी सरकारने या नफ्यावर ७० टक्के कर लावला. त्याबद्दल माझे मत तितकेसे चांगले नाही. उशी बँकेत राहावी म्हणून एकीकडे बंदी घालायची आणि दुसरीकडे तीच उसवून कापूस न्यायचा.

अहवाल वाचताना आधी फेरमूल्यांकनाचा नफा बाजूला काढा. मग व्याजातून मिळालेले निव्वळ उत्पन्न पाहा. त्यातही सरकारी रोख्यांचे व्याज किती आणि कर्जांचे किती, हे वेगळे करा. रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींतला मध्यवर्ती बँकेत ठेवावा लागणारा हिस्सा, विसरू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ४५ टक्के झाले आणि सप्टेंबरमध्ये ५०. म्हणजे तेव्हा व्यापारी बँकेच्या शंभर नायरांच्या ठेवीतले पन्नास बिनव्याजी पडून होते. ठेवीदाराला व्याज मात्र शंभरांवर द्यावे लागे. शेवटी ‘नियामक सवलत’ असलेल्या कर्जांची टीप शोधा. बुडीत न दाखवता पुढे ढकललेली कर्जे तिथे असतात. जून २०२५ मध्ये मध्यवर्ती बँकेने अशी सवलत घेतलेल्या बँकांचा लाभांश, संचालकांचे बोनस आणि परदेशातली नवी गुंतवणूक थांबवली. कोणत्या बँकेने लाभांश दिला नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

प्रश्न : आमच्या औषधांना लागोसहून मागणी आहे. खरेदीदार माल पोचल्यावर १२० दिवसांनी पैसे देऊ म्हणतो. माणूस जुना आणि सचोटीचा आहे. काय काळजी घ्यावी? (लघुउद्योजक, नाशिक)

सचोटी असलेला खरेदीदारही अडकतो, आणि तिथल्या थकबाकीचे मूळ बहुधा हेच असते. तुमचे बिल १ लाख डॉलरचे. माल सुटला तेव्हा डॉलर ४६० ला होता, म्हणून त्याने ४.६ कोटी नायरा खर्च धरून औषधे दुकानांना उधारीवर दिली. पैसे फेडायच्या वेळी डॉलर ७५० ला. लागतात साडेसात कोटी, वसूल झाले पाच. त्याने बुडवायचे ठरवलेले नाही, त्याच्याकडे पैसेच नाहीत. १२० दिवस म्हणजे प्रत्यक्षात बोटीचा प्रवास आणि बंदरावरचा खोळंबा धरून सहा महिन्यांची जोखीम. ती ६० दिवसांवर आणा आणि किमान ३० टक्के आगाऊ घ्या.

माल सुटण्याआधी खरेदीदाराने त्याच्या बँकेमार्फत ‘फॉर्म एम’ हा आयातीचा तिथला अधिकृत अर्ज भरलेला असला पाहिजे. त्याची प्रत मागवा आणि एकच गोष्ट आधी पाहा : तो ‘परकीय चलनासाठी वैध’ आहे की ‘वैध नाही’. दुसऱ्या प्रकारचा असेल तर खरेदीदाराला अधिकृत बाजारातून तुमच्यासाठी डॉलर घेता येणार नाहीत. मग तो समांतर बाजारात जाईल आणि पैसे भलत्याच देशातल्या भलत्याच नावाच्या खात्यातून येतील. तुमची बँक ते अडवेल आणि अडवायलाच हवे. फॉर्मवरचे मालाचे वर्णन, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), प्रमाण आणि किंमत तुमच्या प्रोफॉर्माशी (आगाऊ पाठवलेल्या बिलाशी) अक्षरशः जुळू द्या. औषधाची ‘नाफडॅक’ या तिथल्या नियामकाकडे नोंदणी हवी आणि लेबलावर नोंदणी क्रमांक हवा. भारतातून जाणाऱ्या औषधांची माल सुटण्यापूर्वी तपासणी व चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळते, त्याचे दिवस वेळापत्रकात धरा.

एलसी (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) घेणार असाल तर नायजेरियाबाहेरच्या बँकेने ‘कन्फर्म’ केलेली, म्हणजे स्वतःचीही हमी जोडलेलीच घ्या. कन्फर्म न केलेल्या एलसीत तिथली बँक नायरा घेऊन बसते आणि डॉलर मिळेपर्यंत तुम्ही थांबता. २०२० नंतर अशी रांग वाढत गेली. मध्यवर्ती बँकेवर सुमारे ७ अब्ज डॉलरची थकीत देणी साचली. परदेशी विमान कंपन्यांचे तिकिटांचे पैसेही तिथेच अडकले होते आणि एमिरेट्सने २०२२ मध्ये उड्डाणे बंद केली. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर येमी कार्डोसो यांच्या काळात लेखापरीक्षण झाले, त्यात २.४ अब्ज डॉलरचे दावे सदोष निघाले. कुठे आयातीची कागदपत्रेच नव्हती, कुठे लाभार्थी अस्तित्वात नव्हता. वैध दावे चुकते झाल्याचे मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले. कागद चोख असलेल्यांनाच पैसे मिळाले, म्हणून फॉर्म एमबद्दल इतके लिहिले.

निर्यातदारांना थकबाकीपासून विमा देणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या ईसीजीसीकडून या खरेदीदारासाठी मर्यादा मंजूर करून घ्या, तीही माल सुटण्याआधी. हप्ता चुकला की ठरलेल्या मुदतीत कळवा. ‘जुना माणूस आहे, देईल’ म्हणत तीन महिने थांबलेल्यांचे दावे बहुधा याच कलमावर अडतात.

प्रश्न : मी लागोसमध्ये नोकरी करतो, अर्धा पगार नायरांत मिळतो. तिथल्या ट्रेझरी बिलांवर (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांवर) वीस टक्क्यांपर्यंत व्याज मिळाले आहे. गुंतवावे का? (एक मराठी वाचक, लागोस)

आधी समतोलाचा दर काढा. डॉलर १,५०० नायरांना असताना १५ लाख नायरा गुंतवले, म्हणजे १,००० डॉलर. वर्षभरात २० टक्क्यांनी १८ लाख झाले. डॉलर १,८०० ला पोचला तर तुमच्याकडे पुन्हा १,००० डॉलरच. त्याच्या अलीकडे राहिला तर फायदा, पलीकडे गेला तर तोटा. २०२३ च्या जूनमध्ये बिल घेतलेल्याचे पुढच्या सहा महिन्यांत काय झाले, हे वरच्या उत्तरांतल्या दरांवरून ताडता येईल.

घरभाडे, किराणा, शाळेची फी यांसाठी लागणारे नायरा तीन-सहा महिन्यांच्या बिलांत ठेवणे ठीक. भारतात न्यायचे पैसे त्यात अडकवू नका. महागाई कमी झाल्याच्या बातमीवरही विसंबू नका : डिसेंबर २०२४ चा ३४.८ टक्के दर जानेवारीत २४.४८ झाला, पण तो निर्देशांकाचा पाया बदलल्यामुळे. बाजारातल्या टोमॅटोला ते कुणी सांगितले नव्हते.

बँकेतल्या ठेवीला विमा आहे. मे २०२४ मध्ये त्याची मर्यादा ५ लाख नायरांवरून ५० लाखांवर नेली. तेव्हाच्या दराने साधारण साडेतीन हजार डॉलर, त्यामुळे मोठी रक्कम एकाच लहान बँकेत नको. जून २०२४ मध्ये हेरिटेज बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ही मर्यादा अनेकांना पहिल्यांदा कळली. पैसे भारतात पाठवताना कंपनीचा करार, कर भरल्याच्या पावत्या आणि पगारपत्रके बँकेला देऊन अधिकृत मार्गानेच पाठवा. डॉलर खात्यात नोटा भरणार असाल तर त्या रकमेला परदेशात हस्तांतरण चालेल का, हे शाखेकडून लेखी घ्या. बाहेरून तारेने आलेले डॉलर आणि काउंटरवर भरलेल्या नोटा यांना तिथे नेहमी एकच नियम लागत नाही.